अंधाराचे संप्रेरक आणि हृदय : मेलाटोनिनविषयी आजवर काय हाती आले

हृदयविकाराचे झटके दिवसाच्या चोवीस तासांत सारखे विखुरलेले नसतात. १९८५ साली अमेरिकेत जेम्स म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका नेमका किती वाजता सुरू झाला याचा हिशेब रुग्णांच्या रक्ततपासणीवरून मांडला. सकाळी नऊच्या सुमाराचे प्रमाण रात्री अकराच्या जवळजवळ तिप्पट निघाले. जाग येताना रक्तदाब चढतो, अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल वाढते, रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना लवकर चिकटतात. एक द्रव्य मात्र याच वेळी ओसरत असते. झोपेच्या साधारण दोन तास आधी ते रक्तात उतरू लागते, रात्री दोन ते चारच्या दरम्यान कळस गाठते आणि उजाडल्यावर जवळपास नाहीसे होते. ते द्रव्य म्हणजे मेलाटोनिन.

मेलाटोनिन ओसरते आणि झटके वाढतात, तेव्हा तेच रात्रभर हृदयाची राखण करत असणार, असा तर्क सहज सुचतो. गेली तीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा त्याचा पाठपुरावा करत आहेत. पण म्युलर यांच्या त्याच पाहणीत आणखी एक नोंद होती. बीटा-ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्या रुग्णांमध्ये सकाळची ही वाढ दिसली नाही, आणि बीटा-ब्लॉकर तर शरीरातले मेलाटोनिन कमी करतात! मेलाटोनिन घटवणारे औषध हृदयाला वाचवते, ही गोष्ट त्या सरळ तर्कात कुठे बसवायची?

हा प्रश्न आता केवळ संशोधकांचा राहिलेला नाही. तीन, पाच, दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या औषधांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतात, आणि ‘दाह कमी करते, हृदय जपते’ अशी त्यांची शिफारस व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघरी फिरते. माझे मत आधीच सांगतो. रात्रीच्या अंधाराची हृदयाला गरज आहे, याचा पुरावा वर्षागणिक बळकट होतो आहे. गोळीने हृदय वाचते, याचा पुरावा अजून तोकडा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात आणि तिथेच लोकांची दिशाभूल होते.

मेलाटोनिनचा शोध हृदयासाठी लागला नाही, झोपेसाठीही नाही. तो त्वचेच्या निमित्ताने लागला. १९१७ साली मॅककॉर्ड आणि अ‍ॅलन या संशोधकांनी गुरांच्या पिनियल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला, तेव्हा त्यांची कातडी फिकी पडली. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर कोडावर औषध शोधत होते. कातडीचा रंग बदलणारे हे द्रव्य कोणते, हे त्यांना हवे होते. कत्तलखान्यातून आणलेल्या हजारो ग्रंथी वाटून, गाळून, शुद्ध करत त्यांनी १९५८ साली ते वेगळे काढले. प्रत्येक टप्प्यावरची कसोटी बेडकाची कातडी हीच होती. द्रव्य पडले की पेशींमध्ये पसरलेले काळे कण मध्याशी गोळा होत आणि कातडी उजळे. माणसाच्या कातडीवर असा परिणाम होत नाही, त्यामुळे कोडावरचे औषध काही मिळाले नाही. नाव मात्र त्या काळ्या रंगद्रव्याची आठवण ठेवून राहिले.

ही पिनियल ग्रंथी मेंदूच्या मध्यभागी, भाताच्या दाण्याहून फारशी मोठी नसते. तिला अंधार झाल्याचे कळते ते डोळ्यांमार्फत. दृष्टिपटलातल्या काही विशेष पेशी चित्र पाहण्याच्या कामात फारशा नसतात, त्या केवळ उजेड किती आहे हे मोजतात. निळसर प्रकाश त्यांना सर्वांत जास्त जाणवतो. त्यांचा निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळाला मिळतो आणि पुढे पिनियलकडे जातो. ही वाट मात्र अजब आहे. घड्याळापासून ग्रंथी काही सेंटिमीटरवर, तरी निरोप सरळ जात नाही. तो मेंदूतून खाली पाठीच्या कण्यात उतरतो, छातीच्या वरच्या भागात कण्याबाहेर पडतो, मानेतल्या चेतापेशींच्या एका गाठीपर्यंत चढतो आणि तिथून रक्तवाहिन्यांच्या सोबतीने परत डोक्यात शिरतो. म्हणून मानेत कणा पूर्ण तुटलेल्या माणसांच्या शरीरात रात्रीचे मेलाटोनिन जवळपास तयारच होत नाही. शेवटच्या टप्प्यावर नॉरअ‍ॅड्रिनलिन ग्रंथीच्या बीटा ग्राहींवर बसते आणि उत्पादन सुरू होते. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे नेमके हेच दार अडवतात. ती घेणाऱ्या काहींची झोप का बिघडते, याचे एक कारण इथे सापडते.

मेलाटोनिनला सर्रास झोपेचे संप्रेरक म्हणतात, पण ते अंधाराचे संप्रेरक आहे. उंदीर रात्रभर जागा असतो, धावपळ करतो, खातो, आणि त्याच्याही रक्तात ते रात्रीच वाढते. आता रात्र आहे, एवढाच निरोप ते प्रत्येक पेशीला देते. तो ऐकून काय करायचे हे यकृत, स्वादुपिंड, रक्तवाहिनी आणि हृदय आपापले ठरवतात. तब्येतीने धडधाकट माणसाच्या शरीरात रात्रभरात तयार होणारे मेलाटोनिन काही दशांश मिलिग्रॅमसुद्धा नसते, ते मायक्रोग्रॅमच्या दशकात मोजावे लागते. तीन मिलिग्रॅमची एक गोळी या हिशेबाने शंभर पटींच्या आसपास जाते. तोंडाने घेतलेल्यापैकी बराच मोठा भाग यकृतातच संपतो हे खरे, तरीही रक्तात चढणारी पातळी निसर्गाने कधी गाठलेली नसते.

आता दाहाकडे वळू. जखम झाली, जंतू शिरले की तिथे लाली, सूज, ठणका येतो. हा तात्पुरता दाह आपल्या भल्याचाच असतो. हृदयरोगात विषय असतो तो न दुखणाऱ्या, वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या दाहाचा. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण रोहिणीच्या अस्तराखाली अडकतात. त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी स्वतःच चरबीने तट्ट फुगतात. कोलेस्टेरॉलचे स्फटिक पेशीच्या आतली एनएलआरपी-३ नावाची धोक्याची यंत्रणा जागी करतात, तिच्यातून इंटरल्युकिन-१ बीटा सुटते, त्यातून इंटरल्युकिन-६, आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी नावाचे प्रथिन रक्तात सोडते. डॉक्टर ‘एचएस-सीआरपी’ करायला सांगतात ते या साखळीचे शेवटचे टोक पाहण्यासाठी. अशा साचलेल्या चरबीच्या थराचे आवरण पातळ होऊन फाटले की तिथे गुठळी बसते आणि झटका येतो.

ही साखळी तोडली तर झटके खरेच कमी होतात का, याचे उत्तर मिळायला २०१७ साल उजाडावे लागले. ‘कॅन्टोस’ या चाचणीत दहा हजारांहून अधिक रुग्णांना घेतले होते. त्यांना आधी झटका येऊन गेला होता आणि सीआरपी वाढलेले होते. इंटरल्युकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले, कोलेस्टेरॉलला हातही न लावता. त्याच वेळी जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. पुढे गाउटवरच्या जुन्या, स्वस्त कोल्चिसिनने २०१९ आणि २०२० मध्ये हजारो रुग्णांत फायदा दाखवला आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला हृदयासाठी मान्यता दिली. २०२४ मध्ये झटक्यानंतर लगेच कोल्चिसिन देणारी एक मोठी चाचणी मात्र फायद्याविना संपली, आणि दाह दाबणारे मेथोट्रेक्सेट तर त्याआधीच अपयशी ठरले होते. मेलाटोनिनचा विषय सोडून हे इतके सांगितले, कारण हृदयासाठी दाहविरोधी उपचाराचा पुरावा कसा दिसतो हे यातून कळते. हजारो माणसे, कित्येक वर्षे, आणि मोजणी रक्तातल्या खुणांची नव्हे तर झटक्यांची आणि मृत्यूंची. तेवढे करूनही निकाल उलटसुलट येऊ शकतात.

या साखळीच्या जवळजवळ प्रत्येक कडीवर मेलाटोनिन काम करते, असे प्रयोगशाळेत दिसते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे रसेल रायटर आणि त्यांच्याबरोबरचे टॅन यांनी १९९३ मध्ये दाखवले, की ते हायड्रॉक्सिल या अत्यंत घातक मुक्त कणाला थेट निष्प्रभ करते. त्यानंतरच्या संशोधनात कळले, की ते पेशींना स्वतःचे बचावाचे विकर जास्त बनवायला लावते, दाहाच्या जनुकांचा ताबा असलेल्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला शांत करते, आणि वर सांगितलेली एनएलआरपी-३ यंत्रणाही थंड करते. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जाघरे. हृदयाच्या स्नायूत ती खच्चून भरलेली असतात आणि मेलाटोनिन त्यांच्यात सहज शिरते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड टिकून राहायलाही त्याची मदत होते.

माणसांवरच्या अभ्यासांनी या चित्राला काही प्रमाणात दुजोरा दिला आहे. २०२१ मध्ये ३१ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मेलाटोनिन घेणाऱ्यांमध्ये इंटरल्युकिन-१, ६, ८ आणि टीएनएफ हे दाहाचे संदेशवाहक कमी झालेले आढळले. सीआरपी मात्र लक्षणीय कमी झाले नाही. मला हा निकाल फार बोलका वाटतो. हृदयाच्या जोखमीशी व्यवहारात सर्वांत जास्त जोडली गेलेली खूण तीच, आणि तीच जागची हलली नाही. शिवाय या चाचण्या लहान होत्या, रुग्ण निरनिराळ्या आजारांचे होते आणि मात्रांचाही मेळ नव्हता.

मेलाटोनिनला सरसकट दाहविरोधी ठरवणेही घाईचे होईल. बनारस हिंदू विद्यापीठात चंदना हलदर यांनी खारींवर दीर्घकाळ संशोधन केले. पिनियल ग्रंथीचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध त्या तपासत होत्या. मेलाटोनिन प्रतिकारशक्तीला चालनाही देते, हे अशा कामांतून पुढे आले. संधिवाताच्या रुग्णांचे सांधे सकाळी सर्वांत जास्त आखडतात, आणि रात्रीच्या मेलाटोनिनचा त्यात हात असावा अशी शंका काही संशोधकांनी घेतली. संधिवातात रोज १० मिलिग्रॅम देऊन पाहिलेल्या एका चाचणीत रुग्णांना आराम पडला नाही, उलट दाहाच्या काही खुणा वाढल्या. शरीर कोणत्या अवस्थेत आहे त्यावर मेलाटोनिन दाह निववते की चेतवते हे ठरते, असे दिसते. संधिवात, सोरायसिस यांसारखे आजार असलेल्यांनी ‘दाह कमी करते’ या एका वाक्यावर विसंबून गोळी सुरू करू नये, ते एवढ्यासाठी.

सर्वांत मोठी आशा होती ती कॅथलॅबमध्ये. झटका आल्यावर बंद पडलेली रोहिणी फुगा आणि स्टेंट घालून उघडतात. त्या क्षणी एक विचित्र गोष्ट घडते. तहानलेल्या स्नायूत प्राणवायूने भरलेले रक्त एकदम घुसते, मुक्त कणांचा स्फोट होतो, मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यात भोके पडतात, आणि अडथळ्यातून वाचलेल्या काही पेशी रक्त परत आल्यामुळे मरतात. हे नुकसान रोखणारे एकही औषध आजवर सिद्ध झालेले नाही. उंदरांच्या हृदयात मेलाटोनिन ते रोखते, हे पुन्हा पुन्हा दिसले होते. स्पेनमधल्या ‘मारिया’ चाचणीत म्हणूनच १४६ रुग्ण घेतले. रोहिणी उघडण्याच्या वेळी मेलाटोनिन शिरेतून दिले आणि उघडताच नळीवाटे थेट हृदयाच्या रोहिणीतही सोडले. साधारण आठवड्याने एमआरआय करून मेलेल्या स्नायूचा आकार मोजला. २०१७ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत फरक नव्हता. डाव्या कप्प्याच्या आकारमानाच्या बाबतीत तर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली बनावट मात्रा, घेणारेच सरस ठरले. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर केलेल्या तशाच चाचणीतही फायदा दिसला नाही.

मारियाच्या आकड्यांची नंतर वेळेनुसार फोड केली, तेव्हा दुखणे सुरू झाल्यापासून लवकर, म्हणजे साधारण सव्वादोन तासांत, उपचार मिळालेल्या गटात मेलेला भाग सुमारे ४० टक्क्यांनी लहान होता. निकाल लागल्यावर पाडलेल्या अशा गटांवर भिस्त ठेवता येत नाही, पण पुन्हा तपासण्याजोगी गोष्ट ती नक्कीच आहे. आपल्याकडे छातीत दुखले की आधी ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून सोडा किंवा ओवा घेतला जातो, मग कुणीतरी गाडी काढतो, आणि तालुक्याच्या गावाहून कॅथलॅब गाठेपर्यंत सव्वादोन तास केव्हाच उलटून गेलेले असतात. फायदा असलाच तरी तो त्या वेळेत पोचणाऱ्यांचा असणार.

प्रयोगशाळेत इतके चांगले आणि रुग्णालयात इतके फिके, हे का? मात्रा हे एक कारण. प्राण्यांना वजनाच्या दर किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम दिले गेले. शरीराच्या आकाराप्रमाणे मात्रा उतरवून घेतली तरी माणसासाठी ती शंभर मिलिग्रॅमच्या पुढे जाते. दुसरे कारण फारसे कुणी बोलून दाखवत नाही, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. वैद्यकीय संशोधनात जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी-५७ ब्लॅक-६ या जातीच्या उंदरांना मेलाटोनिन बनवणारी जनुके धड नसतात, त्यांची पिनियल ते जवळपास तयारच करत नाही. जन्मापासून ज्याच्या शरीराने रात्रीचा हा निरोप कधी ऐकलेला नाही, त्याला बाहेरून भरभक्कम मात्रा देऊन मिळालेला निकाल, रोज रात्री स्वतःचे मेलाटोनिन बनवणाऱ्या साठ वर्षांच्या माणसाला कसा लागू करायचा? शिवाय ते उंदीर तरुण, निरोगी आणि इतर औषधांपासून मुक्त असतात. आपला रुग्ण मधुमेही असतो, स्टॅटिन घेतो, अ‍ॅस्पिरिन घेतो.

रक्तदाबाचे चित्र याहून आशादायक आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. काहींचा उतरत नाही. दवाखान्यात दिवसा मोजलेला आकडा ठीक दिसतो आणि रात्रभर हृदयावर, मेंदूवर, मूत्रपिंडांवर भार पडत राहतो. हे कळायला दंडावर पट्टा बांधून चोवीस तास रक्तदाब नोंदवणारे यंत्र लागते. नेदरलँड्समध्ये फ्रँक शियर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये रक्तदाबावर कोणतेही औषध न घेणारे १६ पुरुष निवडले आणि त्यांना झोपण्यापूर्वी तासभर आधी अडीच मिलिग्रॅम मेलाटोनिन तीन आठवडे दिले. झोपेतला वरचा रक्तदाब सरासरी ६ आणि खालचा ४ अंकांनी उतरला. केवळ एक दिवस दिले तेव्हा काहीच झाले नाही. याचा अर्थ परिणाम थेट रक्तवाहिनीवरचा नसून, शरीराचे घड्याळ हळूहळू ठाकठीक होण्याचा असावा. इस्रायलमध्ये एहुद ग्रॉसमन यांनी औषधे घेऊनही रात्री रक्तदाब न उतरणाऱ्या ३८ रुग्णांपैकी काहींना हळूहळू विरघळणारी दोन मिलिग्रॅमची गोळी चार आठवडे दिली, तेव्हा रात्रीचा वरचा आकडा १३६ वरून १३० वर आला. पटकन विरघळणाऱ्या गोळ्यांनी हा परिणाम एकत्रित विश्लेषणात दिसला नाही.

आकडे छोटे, माणसे थोडी, पण या अभ्यासांत एक सुसंगती आहे आणि ती मला पटते. मेलाटोनिन इथे त्याच्या स्वतःच्या कामासाठी वापरले आहे, शरीराला रात्र कळवण्यासाठी, आणि तेही माफक मात्रेत. पण एक इशारा याच विषयातला आहे. इटलीतल्या एका चाचणीत निफेडिपिन घेणाऱ्या ४७ रुग्णांना रोज पाच मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले, तेव्हा त्यांचा रक्तदाब उतरण्याऐवजी वरचा साडेसहा आणि खालचा जवळपास पाच अंकांनी वाढला. आपल्याकडे रक्तदाबाच्या औषधांत निफेडिपिनच्या गटातले अमलोडिपिन घरोघरी असते. अमलोडिपिनबाबत तसेच होईल असे यावरून सिद्ध होत नाही, पण डॉक्टरांना न सांगता गोळी सुरू केलेल्या माणसाने रक्तदाब मोजत राहणे भाग आहे.

बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात औषधाने मेलाटोनिन दाबलेलेच असते. शियर यांनीच पुढे अमेरिकेत अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्या १६ जणांपैकी काहींना अडीच मिलिग्रॅम तीन आठवडे दिले, तेव्हा त्यांची झोप रात्रीला ३६ मिनिटांनी वाढली. औषधानेच घटलेली गोष्ट थोडीशी भरून द्यायची, हा विचार सरळ आहे. मेलाटोनिनचा उपयोग मला सर्वांत समजण्यासारखा वाटतो तो इथे. तो झोपेसाठी आहे, हृदयाला वाचवण्याचा दावा त्यात नाही. आणि कुणी बीटा-ब्लॉकर बंद करून त्याजागी मेलाटोनिन घेतले, तर जीवाशी खेळ होईल.

हृदय निकामी होण्याबाबत दोन अगदी विरुद्ध बातम्या आहेत. इराणमधल्या इस्फहानमध्ये हृदय निकामी होत चाललेल्या ९२ रुग्णांपैकी काहींना २४ आठवडे रोज १० मिलिग्रॅम दिले. त्यांच्यात हृदयावरच्या ताणाची रक्तातली खूण सुधारली, जगण्याची प्रतही सुधारली, आणि मधुमेह नसलेल्यांच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर चांगले काम करू लागले. याउलट नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडलेल्या अभ्यासाने खळबळ उडवली. निद्रानाश असलेल्या सुमारे १ लाख ३० हजार प्रौढांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या कागदपत्रांत वर्षभर किंवा जास्त मेलाटोनिन लिहिले होते, त्यांच्यातल्या ४.६ टक्क्यांना पाच वर्षांत हृदय निकामी होण्याचे निदान झाले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण २.७ टक्के होते. भीती वाटावी असाच आकडा. पण हा केवळ नोंदींचा अभ्यास आहे. ज्याची झोप जास्त बिघडलेली, ज्याला नैराश्य किंवा दम लागण्याचा त्रास, त्यालाच डॉक्टर ही गोळी लिहून देण्याची शक्यता अधिक. शिवाय अमेरिकेत ती किराणा दुकानातही मिळते, त्यामुळे ‘न घेणाऱ्यां’तले कितीतरी जण ती घेत असतील. यावरून गोळी हृदय बिघडवते असे म्हणता येणार नाही. पण ‘नैसर्गिक आहे, वर्षानुवर्षे घेतली तरी काही होत नाही’ असे बिनदिक्कत म्हणण्याचीही सोय राहिली नाही.

समाजाच्या पातळीवरचे अभ्यास अंधाराकडे बोट दाखवतात. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत, लठ्ठ असलेल्या आणि रात्री कमी मेलाटोनिन बनवणाऱ्या स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जास्त दिसला. २०१६ मध्ये त्याच पाहणीतून कळले, की दहा वर्षे किंवा अधिक फिरत्या रात्रपाळ्या करणाऱ्यांचा हृदयरोगाचा धोका माफक, पण निश्चित वाढतो. ब्रिटनमध्ये सुमारे ८९ हजार लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांनी रात्रीचा उजेड टिपला आणि पुढची काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. सर्वांत उजळ रात्री काढणाऱ्यांत झटक्याचे आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण सुमारे दीडपट होते. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात सरासरी २५ लक्सच्या आसपासच्या उजेडानेच मेलाटोनिन निम्म्यावर आले, म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या मंद दिव्याइतक्या उजेडाने. कुणाचे डोळे याबाबत हळवे आणि कुणाचे निबर, हा फरक पन्नास पटींहून अधिक होता. ट्यूबलाइटखाली बसून मोबाइल पाहणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाचीच झोप उडते, त्याचे कारण इथेही असू शकेल.

मला सर्वांत विचार करायला लावले ते शिकागोतल्या २०२२ च्या एका प्रयोगाने. २० तरुणांपैकी निम्म्यांना एक रात्र १०० लक्स उजेडात आणि उरलेल्यांना जवळपास काळोखात झोपवले. उजेडात झोपलेल्यांच्या हृदयाचे ठोके रात्रभर जलद राहिले आणि सकाळी इन्सुलिनचा परिणाम कमी झाला. त्यांच्या मेलाटोनिनमध्ये मात्र फरक नव्हता. डोळे मिटलेले, झोप लागलेली, मेलाटोनिन जागेवर, तरीही शरीर सावध अवस्थेत. अंधार हृदयाला जे देतो ते सगळे मेलाटोनिनच्या हातून जात नाही, असा याचा अर्थ होतो. मग उजेडात बसून गोळी घेतल्याने अंधाराची भरपाई कशी होणार?

मधुमेहाचा भाग आपल्यासाठी खास जवळचा आहे. भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असे आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीने दाखवले, आणि मधुमेह्याच्या मृत्यूचे मोठे कारण हृदयविकार. मेलाटोनिन स्वादुपिंडाला रात्र कळवते, तेव्हा ते इन्सुलिन जपून सोडते. रात्री उपाशी झोपलेल्यासाठी हे योग्यच. पण रात्री साडेदहाला पोळी-भाजी, आमटी-भात खाऊन बसलेल्याचे काय? स्पेनमध्ये ८४५ प्रौढांना झोपण्याच्या चार तास आधी आणि एक तास आधी अशा दोन वेळी साखरेचे पाणी देऊन पाहिले. उशिराच्या वेळी रक्तातले मेलाटोनिन साडेतीन पट होते, इन्सुलिन ६.७ टक्के कमी आणि साखर ८.३ टक्के जास्त. मेलाटोनिनच्या ग्राहीच्या एका विशिष्ट जनुकरूपाच्या लोकांत हा परिणाम अधिक ठळक होता. दुकान बंद करून, लोकलने घरी पोचून उशिरा जेवणाऱ्या आणि लगेच गोळी घेऊन आडवे होणाऱ्या मधुमेह्याची सकाळची साखर यामुळे चढू शकते. त्याला मेलाटोनिन द्यायचेच असेल, तर जेवण आणि गोळी यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे.

गोळीच्या डबीत नेमके काय आहे, हाही प्रश्नच. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ प्रकारच्या मेलाटोनिन गमीज तपासल्या. त्यांपैकी २२ प्रकारांच्या लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला, काहींमध्ये छापल्याच्या साडेतीन पटींपर्यंत मेलाटोनिन होते आणि एकात तर मुळीच नव्हते. कॅनडातल्या आधीच्या एका तपासणीत काही गोळ्यांत सेरोटोनिनही सापडले. युरोपात दोन मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी ५५ वर्षांवरच्यांच्या निद्रानाशासाठी औषध म्हणून मंजूर आहे, तिची शुद्धता तरी तपासली जाते. यकृतात मेलाटोनिन ज्या विकराने मोडते, त्याला फ्लुव्होक्सामिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन अडवतात. तेव्हा पोटाच्या संसर्गासाठी ‘सिप्रो’ चालू असलेल्याच्या अंगात एरवीचीच मात्रा कितीतरी जास्त उतरते. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

पुढे काय तपासायला हवे ते आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ज्यांचा रक्तदाब रात्री उतरत नाही अशा काही हजार रुग्णांना दोन मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी किंवा प्लासिबो काही वर्षे द्यायची, आणि झटके, पक्षाघात, हृदय निकामी होणे यांची मोजणी करायची. मेलाटोनिनवर कुणाचे पेटंट नाही, म्हणून कोणतीही कंपनी एवढा खर्च करणार नाही. हे काम सरकारी पैशानेच होईल, आणि आयसीएमआरसारख्या संस्थेला ते अशक्य नाही. माझा आग्रह असा, की त्या चाचणीत गोळी न घेणारा आणखी एक गट असावा. त्यातल्या लोकांची झोपायची खोली खरोखर काळोखी करून द्यावी, जाड पडदे लावावेत, दिवे लवकर मालवायला सांगावे, रात्रीचे जेवण दोन तास अलीकडे आणावे. त्यात रात्रपाळीच्या परिचारिका, एमआयडीसीतले कामगार, एसटीचे चालक आणि पोलीस असावेत, कारण त्यांना दिवसा झोपण्यासाठी काळोख कुठून मिळणार हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय ठरवता येणार नाही. तिन्ही गटांच्या मनगटावर उजेड मोजणारे यंत्र आणि दंडावर चोवीस तासांचा पट्टा असावा. मग गोळीचा वाटा किती आणि अंधाराचा किती, हे प्रथमच वेगवेगळे मोजता येईल.